दुखण्याला एकच केस पेपर हवा

मंगळवारची ओपीडी, साडेबाराचा सुमार. मावशींचा नंबर लागला तेव्हा दाराबाहेर अजून वीसेक जण उभे होते. साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी उघडून त्या एकेक वस्तू माझ्या टेबलावर मांडू लागल्या. तीन वर्षांपूर्वीचा एमआरआय, मधोमध घडी पडलेला. डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. शिरांच्या दुखण्यासाठी दिलेल्या प्रीगाबालिन आणि मिथाइलकोबालामिनच्या कॅप्सूल. महानारायण तेलाची बाटली, झाकणाला फडकं गुंडाळलेलं. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या दोन डब्या. कंबरेचा पट्टा. आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या काळसर चूर्णाच्या सात पुड्या. आठवडी बाजारात एक माणूस बसतो, त्याच्याकडच्या.

"यातलं सध्या काय चालू आहे, मावशी?"

"समदंच थोडं थोडं घेते, म्याडम. कुनाचा गुन येईल काय सांगावं."

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. सोळा वर्षं झाली; कंबर, मान, गुडघे आणि खांदे हेच माझं काम. मावशींचं हे वाक्य मी नाना तोंडांनी ऐकलं आहे. एकात्मिक उपचार असावेत की नसावेत यावर आपल्याकडे चर्चासत्रं होतात, संप होतात, कोर्टकज्जे होतात. पण हा वाद ज्यांच्या नावाने चालतो त्यांनी तो आपल्यापुरता कधीच मिटवून टाकला आहे. ते सगळ्या पॅथी एकत्र घेतच आहेत. सकाळी डायक्लोफेनॅक, दुपारी गोड गोळ्या, रात्री चूर्ण, झोपताना तेल. सातवीपर्यंत शिकलेली, रोजाने खुरपायला जाणारी बाई स्वतःच्या अंगावर हा प्रयोग एकटी करते आहे. तिच्या पिशवीत काय काय आहे हे एका वेळी बघितलेला एकही डॉक्टर नाही. प्रत्येकाने आपापली चिठ्ठी दिली आणि पुढचा नंबर बोलावला. मीही बरीच वर्षं तेच केलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. हे जुळवण्याचं ओझं रुग्णालयाने तिच्या डोक्यावरून उतरवून घ्यावं. जुनाट दुखण्याच्या रुग्णाला एकच केस पेपर असावा, त्यावर सगळ्यांनी लिहावं, आणि त्यावर लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक उपचाराला, तो कुठल्याही शास्त्रातून आलेला असो, एकच कसोटी लावावी. यातली दुसरी अट मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. ती नसेल तर जे होईल त्याला लोक मिक्सोपॅथी, म्हणजे पॅथींची खिचडी, म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

जुनाट दुखण्यासाठीच हे का मागते आहे, ते सांगायला हवं. हार्ट अटॅक आलेल्या माणसासाठी मी असं काही मागणार नाही. हाड मोडलं तर ते बसवावं, अपेंडिक्स सुजलं तर काढावं. तिथे दुखणं ही खूण असते, आणि खुणेमागचं कारण दूर केलं की खूण जाते. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेल्या दुखण्याचं तसं नसतं. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की वेदना ही तारेतून येणाऱ्या निरोपासारखी सरळ मेंदूत पोचत नाही. मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि ते उघडतं किती, मिटतं किती, यावर दुखणं ठरतं. ठेच लागली की आपण आधी अंगठा चोळतो. चोळण्याचा स्पर्श ते फाटक थोडं लोटून घेतो. पुढच्या साठ वर्षांत या चित्रात पुष्कळ भर पडली, आणि आज आपल्याला माहीत आहे की दीर्घकाळ दुखत राहिलं तर मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. आमच्या रुग्णांना मी राखणीच्या कुत्र्याचं उदाहरण देते. चोर येऊन गेला तेव्हा तो भुंकला, चांगलं केलं. पण त्या रात्रीनंतर तो घरच्या माणसांवर, पानाच्या सळसळीवर, स्वतःच्या सावलीवरही भुंकायला लागला, तर आता चोर शोधून काय उपयोग? कुत्र्याला शांत करायला हवं. त्याला झोप लागत नसेल, त्याला कुणी दटावत असेल, त्याने पुष्कळ दिवसांत मोकळं धावून घेतलं नसेल, तर ते आधी बघायला हवं.

आणि हे सगळं एका माणसाच्या हातचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं नवं वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. त्यात जुनाट वेदनेला स्वतःची जागा मिळाली आहे, दुसऱ्या आजाराचं शेपूट म्हणून नव्हे. आमच्या रजिस्टरात मात्र अजून 'एल फाइव्ह एस वन डिस्क बल्ज', म्हणजे कंबरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी फुगली, एवढंच लिहिलं जातं.

त्या शब्दांबद्दल थोडं सविस्तर. मावशींना एमआरआय बघून कुणीतरी सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आहे, गादी सरकली आहे, वजन उचलू नका, खाली वाकू नका." त्या दिवसापासून त्या वाकायला घाबरतात. खाली बसून खुरपणाऱ्या बाईने वाकायचं नाही म्हणजे जगायचं कसं? ज्यांना अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या मणक्यांची चित्रं तपासून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वेदना नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्यांत झीज दिसली, ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. केस पांढरे होतात तशी ही झीज होते. असंही असतं की पायातली ताकद जाते, लघवीवरचा ताबा सुटतो, ताप येतो, वजन घटतं. तेव्हा एमआरआय तातडीने हवाच आणि सर्जनही हवा. पण ज्या शेकड्यांनी बायाबापड्यांना आपण 'गॅप' दाखवतो, त्यांच्या हातात आपण आयुष्यभराची भीती देतो. ती भीती कुठल्याच तेलाने उतरत नाही. त्यावर औषध एकच: कुणीतरी निवांत बसून ते चित्र पुन्हा समजावून सांगणं. याला दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे तीन असतात.

आता कसोटीकडे येते, आणि सुरुवात स्वतःच्या खोलीपासून करते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात काय करावं म्हटलं आहे? रुग्णाला समजावून सांगणं, व्यायाम, मसाज आणि हाताने केलेले काही उपचार, मनाशी निगडित उपचार, गरजेपुरत्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या. आणि काय करू नये? कंबरेचे पट्टे, ट्रॅक्शन, अफूवर्गीय वेदनाशामकं. माझ्या खोलीत ट्रॅक्शनचं टेबल आहे. सोळा वर्षांत त्यावर किती कमरा ताणल्या असतील, त्याची गणती नाही. लोक 'वजन लावा' म्हणून मागतात, डॉक्टर लिहून पाठवतात, आणि मीही ते पुरेसा विचार न करता लावत आले. आता लावत नाही. जी कसोटी मी वैद्यांच्या काढ्याला लावणार, तिच्याखालून माझं टेबल वगळलं तर मला बोलायचा अधिकार उरत नाही.

हीच कसोटी सर्जनच्या टेबलालाही लावून झालेली आहे. ह्यूस्टनमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या १८० माजी सैनिकांवर एक चाचणी झाली आणि २००२ साली प्रसिद्ध झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून साफसफाई केली, काहींना नुसते कातडीवर छेद देऊन टाके घातले. कोणाला काय केलं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी दोन्हीकडचं दुखणं सारखंच. सायटिकावर प्रीगाबालिन देऊन २०१७ साली सिडनीच्या संशोधकांनी पाहिलं; साध्या निरुपयोगी कॅप्सूलपेक्षा ते सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तरी मावशींच्या पिशवीत तेच होतं, आणि गावोगावच्या पिशव्यांत आहे. तेव्हा 'आमचं तेवढं सिद्ध झालेलं, तुमचं सगळं थोतांड' हा पवित्रा जुनाट दुखण्याच्या बाबतीत तरी कुणी घेऊ नये. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: आधुनिक वैद्यकाने स्वतःच्या या चुका स्वतः शोधल्या, स्वतः छापल्या. ती सवय मला सगळ्यांकडून हवी आहे.

ती सवय आपल्या मातीत नव्हतीच असं समजू नका. एका गुळवेलीची गोष्ट बघा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास आधुनिक औषधशास्त्राच्या रीतीने केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णांना ती देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्यात संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणमध्ये घरोघर जाऊन पाहणी केली होती, आणि तिथल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोक सांध्या-स्नायूंच्या दुखण्याने ग्रासलेले आढळले होते. गावात इतकं दुखणं आहे हे ज्यांनी मोजलं, त्यांनीच पुढे गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधं तपासली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालई यांचे अर्क एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही गुडघेदुखीची नेहमीची औषधं दुसऱ्या बाजूला. ४४० रुग्ण, २४ आठवडे, कोण काय घेतो आहे हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. २०१३ साली निष्कर्ष आला की आयुर्वेदिक औषधांनी दुखणं त्या दोन्हींइतकंच कमी केलं. चाचणीत नुसत्या खोट्या गोळीचा गट नव्हता, ही तिची मर्यादा. पण त्याच लेखात आणखी एक गोष्ट छापलेली आहे, आणि तिच्यासाठी मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. आयुर्वेदिक गटातल्या काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की वाढणारं द्रव्य, वाढलेलं दिसलं. त्रास काही नव्हता, आणि औषध थांबवल्यावर बहुतेकांचं ते पूर्ववत झालं. लपवता आलं असतं. छापलं.

मग कोविड आला. गुळवेलीचा काढा घराघरांत शिजू लागला, कुणाच्या सल्ल्याविना, महिनोन्महिने. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आधी ठरवायला हवं होतं. आक्षेप रास्त असेलही. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. ज्या वेलीच्या औषधात एसजीपीटीकडे लक्ष ठेवावं लागतं हे पुण्याच्या चाचणीने आठ वर्षं आधी दाखवलं होतं, ती वेल घरोघर जाताना कुणाच्याही केस पेपरवर तिची नोंद नव्हती. औषध म्हणून तिचा मान ठेवायचा तर औषधासारखं तिच्याकडे लक्षही द्यायला हवं. 'वनस्पतीच आहे, साइड इफेक्ट नाही' हे बोलणं आयुर्वेदाचा गौरव नाही, तो त्या शास्त्राचा अपमान आहे. ज्याला परिणाम आहे त्याला दुष्परिणामही असणार.

बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट सेपर यांचं उदाहरण मी आमच्या इंटर्न मुलांना नेहमी देते. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांश औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे २००८ साली त्यांनीच प्रसिद्ध केलं. आपल्याकडे त्यावर संताप झाला. याच सेपर यांनी २०१७ साली जुनाट कंबरदुखीच्या ३२० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली, त्यातले बहुतेक गरीब वस्त्यांतले. बारा आठवड्यांच्या योगवर्गाने जितका फरक पडला तितकाच फिजिओथेरपीने पडला. योग कुठेही उणा पडला नाही. एकाच माणसाने एका भारतीय गोष्टीतलं विष दाखवलं आणि दुसरीचा गुण सिद्ध केला. त्याला भारताचा द्वेष नव्हता आणि प्रेमाचा उमाळाही नव्हता. त्याने दोन्ही वेळा मोजून पाहिलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून योगवर्ग माझ्या बरोबरीला आला याचं मला जराही वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं, कारण माझ्या एकटीच्या दोन हातांनी हा जिल्हा उरकणार नाही. वर्ग मात्र एका वेळी पंधरा-वीस जणांचा घेता येतो.

आणि योगाला प्रयोगशाळेत नेण्याची वाट तर इथलीच. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते याच हट्टाने, की आसन-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्राने मोजला पाहिजे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून ताठर, दुखऱ्या शरीरांनाही आसन जमेल अशी पद्धत बसवली. अमेरिकेत कंबरदुखीवर झालेल्या चाचण्यांत ती वापरली गेली. आमच्या रुग्णालयात योगदिन साजरा होतो. २१ जूनला सतरंज्या अंथरतात, फोटो निघतो. २२ जूनला कंबरदुखीची बाई योगवर्ग कुठे आहे म्हणून विचारत येते तेव्हा सांगायला माझ्याकडे पत्ता नसतो.

बर्लिनच्या एका रुग्णालयात आयुर्वेदाची सगळी रीतच तपासली गेली, ते इथे सांगते. कारण वैद्य मंडळींचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते की आमचे उपचार प्रकृतीनुसार प्रत्येकाला वेगळे, त्यांची चाचणी होऊच शकत नाही. होते. गुडघ्याची झीज असलेले १५१ रुग्ण घेतले, निम्म्यांना चिठ्ठी टाकून आयुर्वेदाकडे पाठवलं आणि वैद्यांना मोकळीक दिली: अभ्यंग, आहार, योग, काय हवं ते, ज्याला जसं लागेल तसं. बाकीच्यांना व्यायाम, फिजिओथेरपी, गोळ्या. २०१८ साली छापलेल्या निष्कर्षात बारा आठवड्यांनंतर आयुर्वेदाच्या गटाचं दुखणं आणि अडखळणं जास्त कमी झालेलं होतं. रुग्णांना आपल्याला काय मिळतंय हे माहीत होतं, त्यामुळे यातला किती भाग औषधाचा, किती विश्वासाचा, हे सांगता येत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट भिडली. पंधरा बैठका. प्रत्येक बैठकीत एक माणूस दुसऱ्या माणसाच्या अंगाला हात लावतो आहे, त्याचं जेवण, त्याची झोप विचारतो आहे. गुण तेलाचा होता, हाताचा होता की त्या वेळेचा, यावर संशोधकांनी खुशाल वाद घालावा. आमच्या ओपीडीत या तिन्हींपैकी एकही नाही, हे तर मी डोळ्यांनी बघते आहे.

होमिओपॅथीबद्दल मी गप्प बसले तर तो पळपुटेपणा होईल. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध पुरावा चाळून सांगितलं की कुठल्याही आजारात तिचा विश्वासार्ह उपयोग दिसत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ साली डॉक्टरांना ती लिहून न देण्याचा सल्ला दिला. महाराष्ट्रात होमिओपॅथीचे पदवीधर पुष्कळ आहेत, त्यातले कित्येक खेड्यात राहून मनापासून काम करतात, आणि हे वाचून ते दुखावतील. त्यांचं रुग्णाशी बोलणं, इतिहास घेणं मला हवंच आहे. एकत्र टेबलावर त्यांनी ते करावं. पण केस पेपरवर उपचार म्हणून त्या गोळ्या सरकारी खर्चाने लिहाव्यात असं मला वाटत नाही. ट्रॅक्शनला जो न्याय तोच इथे.

यावर कुणी म्हणेल, जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बाई वेदना केंद्राची स्वप्नं बघते. तर आमची इमारत नजरेसमोर आणा. तळमजल्यावर आयुषची ओपीडी आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून एकाच छताखाली आयुष डॉक्टर बसवण्याचं धोरण आहे. माझी फिजिओथेरपी शेजारी. ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची खोली वर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे समुपदेशक जिन्याच्या टोकाला. दुखणं शमवण्यासाठीच चालवलेला पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रमही देशात २०१२ पासून आहे. भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरात आहेत. माणसं आहेत, पगार निघतात, पाट्या लागलेल्या आहेत. प्रत्येक दाराला स्वतंत्र रजिस्टर आहे, वर पाठवायचा स्वतंत्र अहवाल आहे आणि स्वतंत्र केस पेपर आहे. छत एक झालं, टेबल एक झालं नाही. आठवड्यातून एक दुपार, दोन तास, हे पाच-सहा जण एका खोलीत बसले तर नवी वीटसुद्धा लावावी लागणार नाही.

पैशाची खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. बहुतेक आरोग्यविमा ॲडमिट झालेल्यालाच पैसे देतो. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवायला कंपन्यांना सांगितलं, ते योग्यच झालं. पण परिणाम असा की पॉलिसीवाला माणूस पंचकर्मासाठी दवाखान्यात भरती झाला तर खर्च मिळू शकतो, मणक्याचं ऑपरेशन केलं तर मिळतो. आणि जे करावं असं पुरावा सांगतो, ते घरून येऊन केलेले बारा आठवड्यांचे व्यायाम, ते समुपदेशन, तो योगवर्ग, यांना बहुतेकदा एक छदाम नाही. ज्याला पैसे मिळतात ते वाढतं. भरती आणि सुरी वाढते आहे.

आता समुपदेशकाचं. रुग्णाला जिन्याच्या टोकाला पाठवलं की तो विचारतो, "म्हणजे मी नाटक करतोय असं वाटतं का तुम्हाला?" बाईमाणूस असेल तर विचारतही नाही, नुसती डोळे पुसते, कारण घरी सासू, नवरा, मुलं हेच म्हणत असतात. ॲमिट्रिप्टिलिनची लहान गोळी शिरांच्या दुखण्यावर दिली आणि औषधाच्या दुकानदाराने 'ही डोक्याची गोळी आहे' म्हटलं, की ती गोळी घराच्या वाटेवर उकिरड्यात जाते. दुखणं शंभर टक्के खरं असतं आणि मन त्यात शंभर टक्के सामील असतं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. रुग्णाला दुसऱ्या खोलीत पाठवल्यावर पहिलं वाक्य पुसलं जातं. समुपदेशक माझ्या शेजारी, त्याच टेबलाशी बसलेली असेल तर ते पुसलं जात नाही. एकाच खोलीचा आग्रह मी यासाठी धरते.

चरकाने उपचाराचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. आपली सगळी भांडणं पहिल्या दोन पादांवरून चालली आहेत, वैद्य कोणता आणि द्रव्य कोणतं. तिसरा पाद म्हणजे आमच्या सिस्टर. दुखणारा माणूस रात्री कसा झोपला हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. चौथ्याचं तर बोलायलाच नको. शून्य ते दहात दुखणं किती, एवढंच आपण त्याला विचारतो. मी आता विचारते: जमिनीवर बसून जेवता येतं का? हंडा किती लांबून आणता? नातवाला उचलता का? या उत्तरांवरून मला कळतं की गुण येतो आहे की नाही. हेच प्रश्न वैद्यांनी, सर्जननी, योगशिक्षकांनी, सगळ्यांनी विचारावेत आणि दर महिन्याला एकाच कागदावर लिहावेत. तीन महिने काही हललं नाही तर तो उपचार बंद, मग तो कुणाचाही असो.

जे औषधाच्या कुठल्याच बाटलीत मावत नाही तेही त्या कागदावर यावं. दिवसभर उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाईला लांब दांड्याचं खुरपं मिळालं, ऊसतोड करणाऱ्या बाईची डोक्यावरची मोळी हलकी झाली, तर त्याचा उपयोग माझ्या सहा महिन्यांच्या व्यायामांपेक्षा जास्त होईल. हे मी डॉक्टरांच्या सभेत बोलले की लोक मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

मावशींच्या पिशवीकडे परत येते. त्यांचा चेहरा गोल, गुबगुबीत झालेला होता, हात-पाय मात्र काडीसारखे. दंडावर निळसर डाग. सहा महिन्यांपूर्वी साखर निघाली होती. मी त्या दिवशी प्रथमच चिठ्ठी लिहून न देता उठले आणि मावशींना, त्यांच्या पिशवीसकट, शेजारच्या आयुष ओपीडीत घेऊन गेले. वैद्यांनी पुडी उघडली, वास घेतला, चिमूटभर तळहातावर चोळली आणि विचारलं, "पुडी घेतली की किती वेळात बरं वाटतं?" मावशी म्हणाल्या, "तासा-दोन तासांत. अंग फुलावानी हलकं व्हतं." वैद्य माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचं कुठलंही चूर्ण दोन तासांत असं काम करत नाही, मॅडम. यात स्टेरॉइड आहे." गोल चेहरा, निळसर डाग, साखर, सगळ्याचा उलगडा झाला. मग आम्ही दोघं मावशींना घेऊन मेडिसिनच्या सरांकडे गेलो. त्यांनी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासायला सांगितलं. ते अगदी तळाला गेलेलं निघालं; पुडीतून मिळतं म्हणून शरीराने ते बनवणं सोडलं होतं. मावशी पुड्या फेकून द्यायला निघाल्या होत्या, सरांनीच थांबवलं: एकदम बंद केलंत तर शरीर कोसळेल, मी मोजून गोळी देतो, ती हळूहळू उतरवत नेऊ. उतरवताना दुखणं उसळणार हे मला माहीत होतं. म्हणून त्या आठवड्यांचे व्यायाम मी बसवले, आणि शेकासाठी काय वापरायचं ते वैद्यांनी सांगितलं.

मावशी आजही मंगळवारी येतात. कंबर दुखते, पण वाकायची भीती कमी झाली आहे. गेल्या महिन्यात दोन दिवस खुरपायला गेल्या होत्या. त्यांचा केस पेपर दमट होऊन कोपऱ्यांना फाटला, म्हणून त्यांनी त्याला मुलाच्या वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आहे. त्यावर तीन वेगवेगळी अक्षरं आहेत.